एका अक्षराचा फेर

रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन हे एक प्रथिन. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमानं जोडलेली असतात. हा क्रम पेशीच्या केंद्रकात, डीएनएमध्ये लिहिलेला असतो. मूळ प्रत केंद्रकातच राहते. बाहेर येते ती तिची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. प्रत्येक त्रिकुटाला जुळणारा वाहक आरएनए आपलं अमिनो आम्ल घेऊन येतो, रायबोसोम ते साखळीला जोडतो आणि पुढे सरकतो. थांबण्याचं त्रिकूट आलं, की साखळी सुटी होते.

आता तयार साखळीतली सहावी जागा पाहा. तिथं ‘जीएजी’ वाचलं गेलं तर ग्लुटामिक आम्ल बसतं. मधलं एकच अक्षर बदलून ‘जीयूजी’ झालं तर व्हॅलिन. तेवढ्यानं प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाच सिकलसेल आजार. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात कित्येक कुटुंबं तो सोसत आहेत. आई-वडील दोघंही या बदलाचे वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणूनच या भागातल्या तरुण-तरुणींनी लग्नाआधी रक्ताची तपासणी करून घ्यायलाच हवी.