वृद्धाश्रमाचा मेन्यू हाडं वाचवू शकतो का?

उतारवयात खुब्याचं हाड मोडलं की अनेकांचं चालणं-फिरणं कायमचं बदलून जातं. म्हणून आज एका प्रयोगाबद्दल लिहिते. त्यात नवं औषध काहीच नव्हतं, बदलला तो फक्त मेन्यू.

ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धनिवासांत हा प्रयोग दोन वर्षं चालला आणि २०२१ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ७,१९५ रहिवासी, सरासरी वय ८६. 'ड' जीवनसत्त्व सगळ्यांना पुरेसं मिळत होतं, पण कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडत होती. निम्म्या निवासांत दूध, दही, चीज वाढवलं, बाकीच्यांत नेहमीचाच मेन्यू ठेवला. कुठल्या निवासात काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. माणसागणिक का नाही ठरवलं? कारण स्वयंपाकघर एकच असतं! शेजारी बसलेल्या दोघांना वेगळं ताट देणं अवघडच.

रोजचं कॅल्शियम नेहमीच्या मेन्यूत ७०० मिलिग्रॅम होतं, बदललेल्या मेन्यूत ११४२. प्रथिनं ५८ ग्रॅमच्या जागी ६९. म्हणजे फरक जेमतेम ११ ग्रॅमचा. तरीही हाडं मोडण्याचा धोका ३३ टक्क्यांनी कमी झाला, खुब्याच्या हाडाचा ४६ टक्क्यांनी आणि पडण्याचा ११ टक्क्यांनी.

टक्केवारी ऐकून हुरळून जायला नको, मूळ आकडेही बघू. खुब्याचं हाड नेहमीच्या मेन्यूवाल्यांत शंभरात साधारण २.४ जणांचं मोडलं, बदललेल्या मेन्यूवाल्यांत १.३ जणांचं. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण शंभरात एक खुबा वाचणं, तेही दुधा-दह्यावर, हे काही थोडं नाही.

आता आपल्याकडचं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-भाजी-पोळी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री मऊ खिचडी. पोट भरतं, पण ३० ग्रॅम तूरडाळीतून प्रथिनं मिळतात साडेसहा ग्रॅमच्या आसपास. वरण पातळ केलं की वाटीत डाळ आणखी कमी. दात नसतील तर चावायचे पदार्थ ताटातच राहतात. आणि जे ताटात राहिलं, त्याचं पोषण कागदावरच राहिलं.

मग काय करता येईल? बिस्किटांऐवजी कपभर दूध (२०० मिली) दिलं तर साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. जेवणात वाटीभर दही, खिरीत किंवा लापशीत दोन चमचे दूध पावडर, भाजीत दाण्याचं कूट. यातलं काहीच चावावं लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

'आजी, दूध प्या हं' असं रोज बजावणं एकेका माणसावर अवलंबून असतं. मेन्यू एकदा बदलला की तो रोज सगळ्यांच्या ताटात येतो. म्हणून वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा खोल्यांबरोबर आठवड्याचा मेन्यूही मागून बघा, आणि ताटात काय उरतं, तेही विचारा.