गवयाचा ‘खरा’ काळ कोणता?

श्रोतेहो, संगीताची थोडीबहुत आवड असलेल्या कोणत्याही मराठी घरात एक वाद कधी ना कधी उपस्थित होतोच. पंडित भीमसेन जोशी ह्यांच्या एखाद्या मैफलीची ध्वनिफीत लावलेली असते, सर्व मंडळी तल्लीन झालेली असतात, आणि तेवढ्यात कोणी वडीलधारे गृहस्थ मान हलवून म्हणतात, “गाणे उत्तमच आहे; पण हा काही त्यांचा खरा काळ नव्हे.” झाले! मग खरा काळ कोणता, ह्याविषयी घरात जितकी माणसे तितकी मते निघतात आणि चहा निवून जातो.

वरवर पाहता हा वाद पोरकट वाटेल. ज्ञानेश्वरीचा खरा काळ कोणता, असे कोणी विचारीत नाही. ग्रंथ एकदा सिद्ध झाला की त्याचे शब्द कायम झाले. मग गाण्याच्याच बाबतीत हा प्रश्न का उद्भवावा? ह्याचे उत्तर आपल्या गायनपद्धतीतच आहे. ख्यालाची बंदिश ती काय, दोनचार ओळींची. तिच्याभोवती जी आलापी, जे बोल आणि ज्या ताना उभ्या राहतात, त्या त्याच घटकेला घडतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचनेत स्वरन् स्वर कागदावर लिहिलेला असतो. आपल्याकडे गवई रागाची चौकट घेऊन येतो आणि घर श्रोत्यांच्या देखत बांधतो. एकाच गवयाचा एकच मारवा दोन रात्री सारखा होत नाही, मग तीस वर्षांच्या अंतराने तो सारखा कसा व्हावा? गळा बदलतो, दम बदलतो, आवडही बदलते. म्हणून गवयाला काळ असतात, आणि रसिकांना त्यांत निवड करावीशी वाटते.

भीमसेनजींचेच उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात झाला. गाण्याच्या ओढीने त्यांनी बालवयातच घर सोडले, उत्तर हिंदुस्थानात भ्रमंती केली आणि अखेर कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांपाशी विद्या संपादन केली. १९४१ पासून ते मैफली करू लागले, आणि १९४६ साली गुरूंच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात झालेल्या गाण्याने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. येथून २००७ पर्यंतच्या सहा दशकांचे रसिक सामान्यतः चार भाग पाडतात.

पहिला पक्ष आरंभीच्या पंधरावीस वर्षांचा. ह्या पक्षाला त्या काळच्या आवाजातील तीक्ष्ण धार आणि त्यातून डोकावणारी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीची आठवण प्रिय असते. दुसरा पक्ष साधारणपणे १९६० ते १९७५ ह्या काळाचा. पूर्ण पिकलेला गळा, दीर्घ दम आणि विजेसारखी तान ही त्याची प्रमाणे. तिसरा पक्ष ‘संतवाणी’चा. राम फाटक, श्रीनिवास खळे ह्यांच्या चालींवरील अभंग ह्याच गळ्यातून महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचले. आमच्या पोखर्णीसारख्या नृसिंहाच्या गावी ज्यांनी ख्यालाचे नावही ऐकले नव्हते, त्यांना भीमसेनजी रेडिओवरील अभंगांमुळे आपले वाटू लागले. ह्या पक्षाला ‘साधी माणसे’ म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत. परंतु रागाची शिस्त न मोडता अभंग गाणे हे सोपे काम नव्हे, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. चौथा पक्ष संख्येने लहान, पण निष्ठावान. त्याला वार्धक्यातील गाणे आवडते. तेथे दम आखूड झालेला आहे, पण एकेका स्वरावर थांबण्याचे धैर्य वाढलेले आहे, असे तो म्हणतो.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत ही विभागणी दैवानेच करून ठेवली. अकरा-बारा वर्षांच्या वयात थोरथोरांना थक्क करणारा हा गायक क्षयाने ग्रासला गेला आणि १९४८ मध्ये देवासला येऊन राहिला. डॉक्टरांनी गाणे वर्ज्य केले. काही वर्षांनी नव्या औषधांनी गुण येऊन ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा दीर्घ तानेच्या जागी छोटे, झोत टाकणारे स्वरसमूह आले. माळव्यातील लोकधुनांचे मनन आले. पुढे १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ निघाला. आजारापूर्वीचे कुमार मोठे की नंतरचे, हा वाद अनेक घरांत झाला. शरीराच्या उणिवेतून नवी गायकी जन्मली, हे मात्र दोन्ही पक्ष मान्य करतात.

हा छंद आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा वाद्यवृंद निघाला. तोही ठरीव गाणी मंचावर मनसोक्त फुलवीत असे. १९९५ साली त्यांचा प्रमुख गायक जेरी गार्सिया वारला, तोपर्यंत त्यांचे २३०० हून अधिक जलसे झाले. श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची त्यांनी मोकळीक दिली होती. १९८४ पासून तर त्यांच्यासाठी निराळी जागाच राखली. परिणामी तिकडील रसिक १९७२ चे गाणे श्रेष्ठ की १९७७ चे, ह्यावर आजही भांडतात. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला जलसा तर अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात समाविष्ट झाला आहे. पण काही जाणते तेथेही म्हणतात, की त्या रात्रीच्या कीर्तीत गाण्याइतकाच मुद्रणाच्या स्वच्छतेचा वाटा आहे.

ही शंका आपण आपल्यालाही विचारली पाहिजे. आपण निवडतो तो गवयाचा काळ असतो, की दुसरेच काही? पहिली गोष्ट, आपण विशीत जे ऐकले ते आपल्याला सर्वोत्तम वाटते. तेथे गवयाचे नव्हे, आपलेच तारुण्य बोलते. दुसरी गोष्ट, साधनांची. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. गवयाला राग त्यात कोंबावा लागे. दीर्घमुद्रिका आल्यावर एका बाजूस वीसेक मिनिटे मिळाली. तेव्हा गाणे विस्तारले की तबकडी, हे तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये. तिसरी गोष्ट, प्रसंगाची. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव भरतो, तो पूर्वी रात्रभर चाले आणि पहाटेच्या सुमारास भीमसेनजींच्या गाण्याने संपे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्रभराच्या बैठकी उरल्या नाहीत. जागरणाने हळवे झालेल्या मनाने पहाटे ऐकलेला ललत आणि संध्याकाळी ऐकलेला पूरिया ह्यांची तुलना कशी करावी?

चौथे कारण मला स्वतःच्या फजितीतून समजले. आमच्या शेजारी एक वृद्ध रसिक राहत. सारा गाव त्यांना काका म्हणे. त्यांच्यापाशी भीमसेनजींच्या एका मैफलीची कॅसेट होती. मी एकदा ऐकून छातीठोकपणे म्हणालो, “काका, हा पन्नाशीच्या आतला गळा आहे. काय चढा स्वर, काय तानेचा वेग!” काका म्हणाले, “गुरुजी, हे उतारवयातले गाणे आहे. ठहराव ऐका.” हा वाद दोन वर्षे चालला, एकदा तर महिनाभर अबोलाही झाला. शेवटी भजनी मंडळाची पेटी आणली. पाहतो तो फितीतल्या पेटीचा षड्ज आमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध! पेटीचे स्वर कायम असतात. ते असे अधांतरी पडण्याचे कारण बहुधा एकच. दुसऱ्या यंत्रावर तीच फीत लावली, तेव्हा स्वर खाली उतरून बरोबर पट्टीवर आला. काकांचे यंत्र जलद फिरत होते. यंत्र शंभरास सहा ह्या प्रमाणात जलद फिरले, की स्वर एका पट्टीने चढतो आणि तासाची मैफल सुमारे साडेछप्पन्न मिनिटांत उरकते. आमचे त्याच्या निम्म्याने जलद होते. ज्याला मी तारुण्य म्हणत होतो, त्यात निदान काही भाग झिजलेल्या मोटारीचा होता!

मग काकांचे म्हणणे खरे होते काय? तेही सिद्ध झाले नाही. कारण कॅसेटवर फक्त ‘भीमसेन’ एवढेच लिहिलेले होते. साल नाही, गाव नाही, साथीदारांची नावे नाहीत. ज्यांनी ती मैफल टिपली ते हयात नव्हते. पुढे काकाही गेले, आणि तो प्रश्न तसाच राहिला.

श्रोतेहो, मला सांगावयाचे ते इतकेच. कोणता काळ श्रेष्ठ, हा वाद सुखाने चालू द्यावा. त्यानेच कान तयार होतात आणि जुने गाणे पुन्हा पुन्हा ऐकले जाते. परंतु वादाला आधार हवा. आपल्या कपाटांत अशा कितीतरी खाजगी फिती पडून आहेत. दमट हवेत त्यांना बुरशी येते, त्यांवरील लेप सुटतो, आणि घर आवरताना त्या अडगळ म्हणून बाहेर जातात. त्या बाहेर काढाव्यात, नीट वेगाच्या यंत्रावरून त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी, आणि ज्यांना ठाऊक आहे ते वडीलधारे जवळ असतानाच राग, स्थळ, साल व साथीदार एका चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. शाळेत आम्ही मुलांना उत्तरपत्रिकेवर आधी नाव व तारीख लिहावयास सांगत असू. त्याविना कितीही उत्तम उत्तर कोणाचे, हे कळत नाही. गाण्याचेही तसेच आहे.