गाडी सत्त्याऐंशी पट लहान, कटकटी मूळ मापाच्या

रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये जगभर सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या वस्तूला ८७ ने भागायचं. चोवीस मीटरचा एलएचबी डबा साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो, फलाटावरचा प्रवासी दोन सेंटिमीटरचा. इथवर सगळं सोपं. अडचण अशी, की धूळ लहान होत नाही. ओलावा, वीज, माणसाची बोटं, भिंतीवरची पाल आणि बैठकीच्या खोलीची लांबी यांनाही ८७ ने भाग जात नाही. हा छंद करणारा माणूस संध्याकाळी तासभर गाड्या चालवायला बसतो आणि त्यातली चाळीस मिनिटं चरफडत काढतो, त्याचं कारण बहुतेक वेळा या भाग न जाणाऱ्या गोष्टींत असतं.

धुळीपासूनच सुरुवात करायला हवी. या गाडीला वीज रुळांतून मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिनाची चाकं ती उचलतात आणि मोटरपर्यंत नेतात. बारा व्होल्टच्या आसपासचा दाब आणि चाक रुळाला जिथे टेकतं तो भाग टाचणीच्या टोकाएवढा. तिथे धुळीचा एक कण आला की इंजिन उभं. एक दशांश मिलिमीटरचा कण आपल्याला दिसतही नाही, पण त्या जगात तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचा खडा आहे. खऱ्या रेल्वेचं शेकडो टनांचं ओझं असा खडा चिरडून पुढे जातं. आपल्या हातातलं इंजिन काहीशे ग्रॅमचं. माप ८७ पट कमी झालं की वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाख पटींहून अधिक कमी होतं. १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ इंजिन या हिशेबाने १८७ ग्रॅमचं भरेल. ते कशाला काय चिरडणार?

त्यात आपली घरं. स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ, उदबत्ती, डासांच्या अगरबत्तीचा धूर, सगळं शेवटी रुळांवर येऊन बसतं. या तेलकट पापुद्र्यावर धूळ चिकटते, चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडत राहतात आणि दोन्हींवर काळा चिवट थर जमतो. स्वस्त डब्यांना प्लॅस्टिकची चाकं असतात, ती हा थर गावभर फिरवून आणतात. जुने रूळ पितळेचे असायचे. पितळेवर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, म्हणून पुढे निकेल-सिल्व्हर आलं. नावात चांदी असली तरी त्यात औषधालाही चांदी नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू आपल्या आज्यांना जर्मन सिल्व्हर म्हणून माहीत होता. त्याची भांडी ज्यांनी घासली आहेत त्यांना हेही ठाऊक असेल, की तो पितळेपेक्षा सावकाश काळवंडतो, पण काळवंडतो.

रूळ कशाने पुसावेत यावर मात्र दोन मॉडेलरांचं एकमत होणार नाही. एक पंथ घासणाऱ्या रबराचा. त्याने रूळ क्षणात चकचकीत होतो, पण पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्या ओरखड्यांत मुक्काम करते. दुसरा पंथ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्याचा. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. वेळ जास्त लागतो, पण काम पुन्हा लवकर निघत नाही. रूळ पुसून चाकं तशीच ठेवणं मात्र निव्वळ वेळ घालवणं आहे.

एवढं करूनही गाडी थांबतेच, आणि मग वरून एक हात येतो. वाफेची इंजिनं चाकांच्या संख्येवरून ओळखतात. आपलं डब्ल्यूपी म्हणजे ४-६-२: पुढे चार, मध्ये ओढणारी सहा, मागे दोन. इंग्रज आणि अमेरिकी छांदिष्टांनी या हाताला, म्हणजे पाच बोटांना, ०-५-० असं नाव ठेवलं आहे. जगातल्या प्रत्येक मॉडेल रेल्वेवर हे इंजिन कामाला असतं आणि पाहुणे बघत असताना सर्वांत जास्त धावतं.

थांबण्याची हक्काची जागा म्हणजे सांधा. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेताना जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या क्रॉसिंगच्या टोकाशी धन आणि ऋण समोरासमोर येतात. ते एकमेकांना भिडू नयेत म्हणून कारखानदार तो तुकडा प्लॅस्टिकचा करतो. जोडायला सोपं, पण तेवढ्या सेंटिमीटरभर जागेत वीज नाही. लांब इंजिनाची बाकीची चाकं वेळ निभावून नेतात. शंटिंगचं चार चाकांचं छोटं इंजिन मात्र बरोबर त्या टोकावर रुसतं, आणि शंटिंग तर सांध्यांवरच करायचं असतं! दुसऱ्या प्रकारात ते टोक धातूचं असतं आणि सांधा ज्या बाजूला वळेल त्याप्रमाणे त्याची वीज बदलावी लागते. म्हणजे एक स्विच वाढला, दोन तारा वाढल्या आणि टेबलाखाली पाठीवर पडून, डोळ्यांवर गरम कथील पडणार नाही अशा बेताने सोल्डरिंग करणं आलं.

याहून फसवा प्रकार फुग्याच्या आकाराच्या वळणाचा. गाडी फिरून त्याच मार्गावर उलट्या दिशेने परत यावी, म्हणून नवखा माणूस हौसेने असं वळण टाकतो. कागदावर ते सुंदर दिसतं. प्रत्यक्षात डावा रूळ वळून येतो आणि उजव्याला मिळतो. धन आणि ऋण एकत्र, शॉर्ट सर्किट. तेवढा तुकडा दोन्ही टोकांना कापून वेगळा करायचा आणि गाडी त्यावर असताना ध्रुव उलटायचे, हा त्यावरचा उपाय. डिजिटल पद्धतीत हे काम एक छोटं यंत्र आपोआप करतं. जर्मनीतल्या ग्योपिंगेनच्या मॅर्कलिन कंपनीने ही भानगडच टाळली. तिच्या एचओ गाड्या मधल्या बारीक टिकल्यांवरून वीज घेतात आणि बाजूचे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात. गाडी कशीही फिरवा, शॉर्ट होत नाही. मग सगळ्यांनी हेच का नाही घेतलं? कारण खऱ्या रेल्वेच्या मधोमध टिकल्या नसतात, आणि या छंदात डोळ्याला खटकणं हे शॉर्ट सर्किटपेक्षा मोठं पाप आहे.

टेबलाखालच्या या तारांच्या जंगलाने एक मात्र मोठं काम केलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाला. तिथल्या काही मुलांना वरच्या डोंगरझाडांत रस नव्हता. ती खाली बसून टेलिफोनच्या जुन्या रिलेंनी सिग्नल आणि वीज सांभाळत. पुढे हीच मुलं विद्यापीठातल्या पहिल्या संगणकांवर रात्री जागू लागली. संगणकयुगाच्या इतिहासात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. घरच्यांना ही हकीकत सांगून ठेवावी, तारांच्या खर्चाच्या वेळी उपयोगी पडते.

आता जागा. बावीस एलएचबी डब्यांची एक्स्प्रेस इंजिनासह एचओ मापात सव्वासहा मीटर भरते. मुंबईतल्या किती घरांत सव्वासहा मीटरची सरळ भिंत आहे? आणि ती केवळ उभ्या गाडीची लांबी झाली, तिला धावायला वेगळी जागा हवी. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं चालतं. त्याला ८७ ने भागा, दोन मीटर येतात. म्हणजे गाडी अर्धवर्तुळात वळवायला चार मीटर रुंदी लागेल. बाजारात मिळणाऱ्या तयार वळणांची त्रिज्या असते ४५ सेंटिमीटरच्या आसपास. इतक्या आवळलेल्या वळणावर लांब डबे दोन्ही टोकांना बाहेर फेकले जातात आणि मधोमध आत घुसतात. शेजारच्या मार्गावरच्या गाडीला कोपर मारतात ते वेगळंच. म्हणून बहुतेक जण सात-आठ डब्यांच्या पॅसेंजरवर समाधान मानतात.

घाटाची हौस तर आपल्याकडे प्रत्येकाला. बोरघाट आणि थळघाट, दोन्हींचा चढ ३७ ला १. मॉडेलला तो फारसा कठीण नाही. पण एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर निदान दहा सेंटिमीटर उंची गाठावी लागते, म्हणजे या चढाने तीन मीटर सत्तर सेंटिमीटर लांबी. उतरायला पुन्हा तेवढीच. लांबी नाही म्हणून चढ वाढवला, की हलकं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. इथे बँकर, म्हणजे मागून रेटणारं दुसरं इंजिन, लावून प्रश्न सुटतो असं वाटेल. पण पुढचं आणि मागचं इंजिन एकाच वेगाने चाललं नाही, तर मधले डबे वळणावर ताणले जातात किंवा रेटले जाऊन बाहेर पडतात. वेगाचाही हिशेब तितकाच निर्दय आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला ३२ सेंटिमीटर. तीन मीटरच्या टेबलावर कर्जतहून सुटलेली गाडी दहा सेकंदांत लोणावळ्याला.

रुळांच्या रुंदीचं दुखणं मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं वाटतं. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. जगातल्या १४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजला तो बरोबर बसतो. इंग्रजांनी गाड्या जराशा मोठ्या, १:७६ च्या आसपास केल्या आणि रूळ मात्र तोच ठेवला. सुरुवातीच्या काळात मोटर लहान मापात मावत नव्हती, हे त्याचं एक कारण. त्यामुळे इंग्लंडातल्या घराघरांतल्या गाड्या गेली कित्येक दशकं त्यांना अरुंद पडणाऱ्या रुळांवरून धावत आहेत. त्याचा त्रास झालेल्यांनी १८.२ आणि १८.८३ मिलिमीटरचे वेगळे पंथ काढले. आपलं दुःख त्याहून मोठं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की १९.२६. तयार रूळ असा मिळत नाही. स्वतः स्लीपर टाकून, रूळ ठोकून, सांधे घडवून तो करायचा, किंवा १६.५ वर गाडी चालवून तिच्या अरुंद पायांकडे दुर्लक्ष करायचं. बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि ते शहाणपणाचं आहे. गंमत अशी, की आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. तिचे होतात पावणेनऊ मिलिमीटर, आणि एन मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो. मिरज-पंढरपूर-लातूरची ती गाडी करायची असेल तर निदान रुळांपुरती तरी कटकट नाही. इंजिन आणि डबे अर्थात स्वतःच करायचे. थ्रीडी प्रिंटिंगने आता तेही आवाक्यात येतंय.

कपलिंगबद्दल फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. अमेरिकी गाड्यांचं कपलिंग वेगळं, इंग्रजांचं वेगळं, युरोपातलं वेगळं. दोन देशांतले डबे एकत्र जोडायचे तर एकाचं नाक कापावं लागतं. ज्या स्प्रिंगने ते मिटतं ती पापणीच्या केसाएवढी. चिमट्यातून सुटली की उडते आणि फरशीवर पुन्हा कधीच सापडत नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण परदेशी पुस्तकांत तो नाही. रूळ उन्हाने वाढतात म्हणून वाकतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरात तापमानाचा फरक इतका नसतो. हालतं ते खालचं लाकूड. प्लायवूड आणि फळ्या जूनमध्ये ओल पितात, फुगतात. हिवाळ्यात वाळल्या की आकसतात आणि रुळांच्या सांध्यांमधली फट नाहीशी होते. मग सरळ मार्गाच्या मधोमध एके दिवशी उंटाची पाठ दिसते. फळ्यांना सर्व बाजूंनी, कापलेल्या कडांनासुद्धा, वार्निश किंवा रंग देणं एवढाच इलाज. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यांवर विजेसाठी विसंबू नये, दमट हवेत त्यांचा संपर्क जातो. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार हवी. हे कंटाळवाणं काम आधी केलं नाही तर नंतर डोंगर फोडून करावं लागतं. डोंगरांच्या बाबतीत मराठी माणसाला उपजत ज्ञान आहे, दिवाळीच्या किल्ल्यामुळे. माती आणि अळीव मात्र इथे चालत नाहीत. ओल्या मातीशेजारी वीज आणि गंजणारी चाकं, दोन्ही नकोत.

कपाटात न वापरता जपून ठेवलेलं इंजिनही सुरक्षित नसतं. जस्ताच्या ज्या मिश्रधातूत इंजिनांचे सांगाडे ओततात, त्यात शिशाचा अंश मिसळला तर धातू आतून किडतो. तो फुगतो, भेगाळतो, शेवटी बोटांत चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक महागड्या गाड्यांची हीच गत झाली. यावर उपाय नाही. दमट हवेत कीड वाढते, एवढं खरं.

शेवटी माणसं. प्रदर्शनात गाडी ठेवली की एक सद्गृहस्थ येतातच. ते डब्याच्या रिव्हेट मोजतात आणि १९६८ साली ही खिडकी अशी नव्हती म्हणून सांगतात. याला उपाय सहनशीलता. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री स्वतः मॉडेलर होते, आपली रेल्वे प्रदर्शनांत मांडत. चित्रकार डॅल्बी यांच्या चित्रांत इंजिनांचे तपशील चुकतात, पर्सी नावाचं इंजिन तर सुरवंटासारखं दिसतं, अशी ऑड्रींची कुरकुर इतकी झाली की डॅल्बींनी काम सोडलं. दुसऱ्या टोकाला घरचे पाहुणे. त्यांचा प्रश्न एकच: ‘गाडी आपटते का हो कधी?’ मुलांना तर तेवढंच बघायचं असतं.

हॅम्बुर्गला २००१ मध्ये उघडलेल्या मिनियाटुर वुंडरलांडमध्ये हजाराहून अधिक गाड्या आहेत. झाडणं, पुसणं, दुरुस्ती ही तिथे पगारी माणसांची रोजची कामं आहेत. तितकं लांब जायला नको. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. आणि त्यानंतर घरी गाडी मांडायची ठरलीच, तर पहिल्या वर्षी दीड मीटरच्या एका फळीवर तीन सांधे आणि एक छोटं स्टेशन एवढंच करा. घाट, फुग्याचं वळण आणि बावीस डबे यांना हात लावू नका. फळी मात्र पावसाळ्याआधी रंगवून घ्या, आणि स्वयंपाकघरापासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवा.