गाडी थरथरली, तरी घराचा हिशोब थरथरू नये!

पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्वेचे एक टोक. एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला नव्याने उभे राहिलेले उंच टॉवर आणि या दोहोंच्या मधे हातावर पोट असलेली कष्टकरी माणसे. कारखान्याच्या पाळीबरोबरच आता या भागातील कित्येक तरुणांनी चारचाकीचे स्टिअरिंग हाती धरले आहे. कुणी कर्ज काढून जुनी वॅगन-आर घेतली व टॅक्सीला लावली, कुणी ईकोतून शाळेच्या मुलांची ने-आण करतो, तर कुणी लग्नसराईत भाडी मारतो.

अशा घरात गाडी ही चैनीची वस्तू नसते. ती घरातील कमावत्या माणसासारखीच असते. ती आजारी पडली की बँकेचा हप्ता, मुलांची फी आणि किराणा या तिन्ही गोष्टी एकदम अडतात. म्हणूनच गाडीच्या दुखण्याची थोडीफार माहिती घरातील प्रत्येकाला, अगदी महिन्याचा हिशोब ठेवणाऱ्या गृहिणीलाही असली पाहिजे.

या दुखण्यांपैकी हमखास दिसणारे आणि हमखास चुकीचे समजले जाणारे दुखणे म्हणजे गाडीची थरथर. सिग्नलला गाडी उभी राहिली की सीट थरथरते, आरसा हलतो, गिअर टाकताना खालून ‘धप्प’ असा आवाज येतो. कुणीतरी सांगतो, “इंजिन काम मागतंय.” इंजिनचे काम म्हटले की हजारोंचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि माणूस हबकून जातो. पण पुष्कळ वेळा इंजिन ठणठणीत असते. झिजलेले असते ते त्याच्याखालचे रबर!

माउंटिंग म्हणजे काय?

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर थेट पोलादी बोल्टने आवळलेले नसतात. मधे रबर घट्ट चिकटवलेले लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे तुकडे असतात. यालाच इंजिन माउंटिंग म्हणतात. आपल्याकडील गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’ हा शब्दही चालतो. या तुकड्याची कामे दोन. इंजिनचे वजन पेलणे हे पहिले आणि इंजिनची थरथर बसणाऱ्यापर्यंत पोहोचू न देणे हे दुसरे.

मोटारी आल्या त्या सुरुवातीच्या काळात बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवले आणि ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने त्याची मोठी जाहिरात केली. चार सिलिंडरचे स्वस्त इंजिनही त्यामुळे मऊ चालू लागले. आज आपल्या दारातल्या गाडीतही तत्त्व तेच आहे. पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या गाडीत साधारणतः तीन किंवा चार माउंटिंग असतात. बाजूची दोन मुख्यतः वजन पेलतात आणि खालचे, मागच्या बाजूचे माउंटिंग इंजिनला झोके घेण्यापासून आवरते. आल्टो, वॅगन-आर यांच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात मुळातच डुलण्याची खोड असते. त्यामुळे अशा गाडीत रबर बसले की थरथर लगेच जाणवते.

रबर झिजते कशाने? इंजिनच्या उष्णतेने ते कडक होते व त्याला चिरा पडतात. वरून ऑइल गळत असेल तर ते फुगून भुसभुशीत होते. खड्डे आणि बेताल गतिरोधक प्रत्येक वेळी त्याला हिसका देतात. शिवाय कल्याण-बदलापूर रस्त्यावरील कोंडीत तासन् तास हाफ क्लचवर गाडी रेटली की खालच्या माउंटिंगला सारखे झटके बसत राहतात.

आधी निदान, मग पाना

थरथर म्हणजे माउंटिंगच, असेही समजू नये. आपल्याकडील बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात. प्लग जुने झाले, एअर फिल्टर चोंदला किंवा कॉइल कमजोर झाली की इंजिन ‘मिसिंग’ करते आणि तेव्हाही गाडी अशीच हलते. ही तपासणी स्वस्त आहे, म्हणून ती आधी करावी. तीच गाडी पेट्रोलवर घेतल्यावर थरथर थांबली, तर दोष बहुधा गॅसच्या बाजूला आहे. थरथर फक्त ऐंशीच्या वेगाला येत असेल तर टायर आणि व्हील बॅलन्सिंग पाहावे. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क पाहावी.

उभ्या गाडीत थरथर, एसी लावला की ती जास्त, रेस वाढवली की कमी आणि गिअर बदलताना धक्का, अशी लक्षणे एकत्र दिसली तर मात्र माउंटिंगवर संशय घ्यावा. मेकॅनिकला बोनेट उघडून बॅटरीने पाहायला सांगावे. रबराला चीर आहे का, रबर लोखंडापासून सुटले आहे का, इंजिन एका बाजूला खचले आहे का, हे डोळ्यांनी दिसते. दुसरी परीक्षा अशी : हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच क्षणभर किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसेच करायचे. इंजिन जागच्या जागी थोडे हलणे साहजिक आहे, पण ते उसळी मारत असेल तर माउंटिंग गेले. ही परीक्षा जाणत्या माणसानेच करावी आणि पाहणाऱ्याने गाडीच्या पुढे वा मागे कधीही उभे राहू नये, बाजूने पाहावे.

काम कसे होते?

काम अवघड नाही, पण शिस्तीचे आहे. इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. खालून काम असेल तर गाडी जॅकवर उचलून ठोकळ्याच्या स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. मग चेंबरखाली जाड लाकडी फळी ठेवून दुसऱ्या जॅकने इंजिनला फक्त आधार द्यायचा. फळी नसेल तर चेंबर चेपतो आणि एका कामाची दोन कामे होतात. वजन हलके झाल्यावर बोल्ट सोडून जुने माउंटिंग काढायचे व नवे बसवायचे. एका वेळी एकच माउंटिंग सोडावे. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्यावेत, इंजिन आपल्या जागी बसू द्यावे आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाप्रमाणे आवळावेत. इंजिन तिरपे असताना बोल्ट आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी सायलेन्सर, रेडिएटरचे पाइप, वायरिंग व गॅसची नळी कुठे घासत नाही ना, हे पाहून घ्यावे.

खर्चाचा हिशोब

छोट्या गाडीचे साधे माउंटिंग बहुधा काही शे रुपयांपासून दोन हजारांच्या आसपास मिळते. मोठ्या गाड्यांत आत द्रव भरलेले हायड्रॉलिक माउंटिंग असते, ते बरेच महाग पडते. आता केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, तीन माउंटिंग ९००, ९०० आणि ७०० रुपयांची. माल झाला २,५०० रुपये. प्रत्येकी ४०० प्रमाणे मजुरी १,२०० रुपये. एकूण ३,७००. त्यात गाडी दिवसभर उभी राहिली व हजाराचा धंदा बुडाला, तर घराला भार पडला ४,७०० रुपयांचा. पण तपासणीत फक्त खालचे ७०० रुपयांचे माउंटिंग गेलेले दिसले, तर खर्च ७०० अधिक ४००, म्हणजे १,१०० रुपये आणि बहुधा दिवसही बुडत नाही. नीट निदान केल्याने गॅरेजच्या बिलातच २,६०० रुपये वाचले! वजन पेलणारे एक फाटले असेल आणि बाकीचेही तितकेच जुने व चिरलेले असतील, तर मात्र सगळी एकदम बदलणे शहाणपणाचे. नाहीतर जुन्यांचा भार नव्यावर पडतो.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगतो. भंगारातून काढलेले माउंटिंग घेऊ नये. त्याचे रबर आधीच म्हातारे झालेले असते. फटीत टायरचा तुकडा कोंबणे हा तर उपायच नव्हे. अगदी स्वस्त नकली मालाचे रबर पुष्कळदा दगडासारखे कडक असते. नवे बसवूनही गाडी जास्तच थरथरते आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. फाटलेल्या माउंटिंगवर महिनोन् महिने गाडी ओढणे हीसुद्धा बचत नव्हे. इंजिन झोके घेते, सायलेन्सरचा सांधा, पाइप आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्यावर ताण येतो आणि हजाराचे काम कित्येक हजारांवर जाते.

बिल घ्या, बिल वाचा

सुटे भाग मोटार कंपन्यांनी खुल्या बाजारात मिळू द्यावेत, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांच्या प्रकरणात दिला होता व सुमारे २,५४५ कोटींचा दंडही ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पण गाडीमालकाने सुट्या भागाची निवड आणि किंमत स्वतः पाहावी, हा त्यातला धडा आपल्यासाठी मोलाचा आहे.

माउंटिंग बंद पाकिटातले घ्यावे. त्यावर भाग क्रमांक, महिना-वर्ष व कमाल विक्री किंमत पाहावी. त्या किमतीत सर्व कर धरलेले असतात, वर पुन्हा ‘जीएसटी वेगळा’ द्यायचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. पूर्वी ज्या भागांवर २८ टक्के होता, तिथे हजाराच्या मालामागे १०० रुपये कर कमी झाला. ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. बिलात माल व मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी आणि काढलेले जुने माउंटिंग मागून पाहावे. ते पाहिल्यावर काम झाले की नाही, याचा वाद उरत नाही.

टॅक्सीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही,’ असे कुणी म्हटले तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. सदोष कामाची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. मात्र हातात बिल हवे. बिल नसलेल्या माणसाची बाजू खरी असूनही लंगडी पडते.

वाचक बंधू-भगिनींनो, चांगला मेकॅनिक हा आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका, ती त्याच्या कौशल्याची किंमत आहे. पण काय बिघडले, काय बदलले आणि त्याचे किती झाले, हे तीन प्रश्न विचारायला संकोचही करू नका. घरातील एका वहीत गाडीसाठी चार पाने राखून ठेवा. तारीख, किलोमीटर, भाग आणि रक्कम त्यात नोंदवा, बिल तिथेच टाचून ठेवा. पुढच्या वेळी गाडी थरथरली, तर घाबरण्याऐवजी आधी ती वही उघडा.