झरा कुठे असतो?

मंडळी, सातारा-सांगलीकडच्या माणसाला सांधेदुखीवर गरम पाण्याचे कुंड हवे असेल तर घाट उतरावा लागतो. तुरळ, राजवाडी, आरवली ही उन्हाळी खाली संगमेश्वर तालुक्यात. आपल्या माथ्यावरचे झरे थंड. पण त्यांनाही गुणकारी मानत आलोच आपण. सुश्रुतसंहितेत विहिरीचे, नदीचे, तळ्याचे, झऱ्याचे पाणी वेगळे धरून प्रत्येकाचे गुण सांगितले आहेत. पाणी इथूनतिथून सारखेच, असे आपले जुने वैद्य मानत नव्हते. ते कुठून आले आणि कशातून मुरले, हे ते आधी विचारत.

हाच प्रश्न आपण क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेला विचारून पाहू. गोमुखातून पडणारी धार आपण डोळ्यांना लावतो, बाटलीत भरून घरी आणतो. ही धार येते कुठून? माथ्यावर जांभ्याचे कवच आहे, सच्छिद्र, भेगाळलेले. वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभा त्यातला काही पिऊन घेतो. खाली चिकट मातीचा थर आणि बेसाल्ट. पाण्याला पुढे वाट मिळत नाही, मग ते आडवे सरकत उताराला बाहेर पडते. त्याला आपण झरा म्हणतो. म्हणजे झरा गोमुखात नसतोच हो, तो वरच्या सड्यावर असतो!

आणि नेमके तिथेच आपण बांधतो. १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींकडून इंग्रजांनी हे ठिकाण घेतले ते आजाऱ्यांच्या हवापालटासाठी. आता सुट्टीला लोटणारी गर्दी येते. येऊ दे, आमचे भांडण गर्दीशी नाही; घोडेवाल्याचे, स्ट्रॉबेरीवाल्याचे घर तिच्यावर चालते. पण वाहनतळाला काँक्रीट घातले की मुरणे थांबते. बोअर मारली की झऱ्याकडे निघालेले पाणी मधेच उपसले जाते. आणि शोषखड्ड्यातली घाण? ज्या भेगांतून पाऊस उतरतो त्यांतूनच तीही उतरते. ते पाणी आपण तीर्थ म्हणून पितो. १७ जानेवारी २००१ ला हा भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला. कागद चांगला आहे. पण जमिनीखालची वाट सातबाऱ्यावर दिसत नाही.

इथेच कृष्णा उगम पावते आणि वाईवरून सांगलीला जाते, तेव्हा सांगलीकरांनी हा प्रश्न साताऱ्याचा म्हणून सोडू नये. गावातल्या झऱ्याखाली दर महिन्याला बादली धरा, भरायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून वहीत लिहा. पाच वर्षांच्या वहीपुढे आम्हा तत्त्वज्ञांना बोलायचे कामच उरणार नाही.