हजेरीपटापासून पासबुकापर्यंत

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात एक प्रश्न फार वेळा कानी येतो. "काम झालं, हजेरी लागली, मग पैसे कुठं अडकले जी?" माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील असेच एकदा पासबुक घेऊन माझ्याकडे आले. रोजगार हमीच्या कामावर ते बारा दिवस गेले होते. गावात विचारले तर उत्तर आले, "आम्ही वर पाठवलं." तालुक्याला विचारले तर, "सही झाली, गेले." बँकेत विचारले तर, "आमच्याकडे काही आलं नाही." प्रत्येक खेपेला एक रोज बुडाला आणि एस.टी.चे भाडे गेले ते वेगळेच. ते मला म्हणाले, "गुरुजी, सगळेच खरं सांगतात, तर मग पैसा गेला कुठं?"

प्रश्न अगदी नेमका होता. सगळेच खरे सांगत होते. पण प्रत्येकाला आपल्या दारापुरतेच दिसत होते. एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाताना जो रस्ता लागतो, त्याची नोंद कोणाच्याच वहीत नव्हती. ती नोंद ठेवणारी वही म्हणजेच व्यवहारावर नजर ठेवणारी यंत्रणा. ती कशी आखावी, याचा आज आपण थोडा विचार करू.

आधी रस्ता पाहू. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा 2005 साली झाला आणि 2 फेब्रुवारी 2006 रोजी देशातल्या पहिल्या 200 जिल्ह्यांत योजना सुरू झाली. त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे होते. पुढे डिसेंबर 2025 मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. पण वीस वर्षांत मजुरीच्या पैशाने जी वाट तुडवली, ती समजून घेण्यासारखी आहे. आधी हजेरीपट, म्हणजे आपले मस्टर. मग कामाचे मोजमाप. मग संगणकात नोंद, मजुरीची यादी आणि पैसे पाठवण्याचा हुकूम. त्या हुकुमावर दोन अधिकाऱ्यांच्या संगणकी सह्या. तेथून तो केंद्राच्या पीएफएमएस या वित्तीय यंत्रणेकडे, तेथून बँकेकडे, बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआयकडे आणि शेवटी मजुराच्या बँकेकडे. पैसा जमा झाला की नाही, हे उत्तर मात्र त्याच वाटेने उलटे परत यायला हवे.

आता या प्रत्येक ठिकाणचा संगणक निराळा, त्याचा प्रोग्रॅम निराळा, त्याची लिहिण्याची पद्धत निराळी. सिरोंचाच्या बाजारात तेलुगू बोलणारा व्यापारी आणि माडिया बोलणारा गिऱ्हाईक समोरासमोर आले, तर मध्ये दुभाषा लागतो. तसाच दुभाषा या प्रोग्रॅमांमध्येही लागतो. एकाचा निरोप घ्यायचा, दुसऱ्याला कळेल अशा रूपात मांडायचा, पुढे द्यायचा आणि उत्तर मागे आणायचे, हे त्याचे काम. या जोडणाऱ्या यंत्रणेतच निरोप हरवण्याचा धोका जास्त, कारण ती कोणाच्याच कचेरीत डोळ्यांसमोर नसते.

नजर ठेवणारी यंत्रणा आखायला बसलेला माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो, "पडद्यावर काय काय दाखवायचे?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. घड्याळ कोठे सुरू करायचे आणि कोठे थांबवायचे? 2005 च्या कायद्याप्रमाणे मजुरी काम झाल्यापासून पंधरवड्याच्या आत मिळायला हवी होती. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज 0.05 टक्के भरपाई होती. म्हणजे 2000 रुपये थकले तर दिवसाला एक रुपया. पण संगणकातला उशिराचा हिशेब हुकुमावर दुसरी सही झाली की थांबत असे. सहीनंतर पैसा वाटेत राहिला, तर तो उशीर धरलाच जात नव्हता. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे 2018 मध्ये स्वराज अभियानाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की सहीपूर्वीचा टप्पा आणि सहीनंतरचा टप्पा या भेदाशी मजुराला कर्तव्य नाही. मजुरी हातात पडेपर्यंतचा सगळा उशीर हा उशीरच.

बघा, यंत्र बिघडले नव्हते. आकडेही चुकीचे नव्हते. घड्याळ चुकीच्या दारावर टांगले होते, एवढेच. म्हणून आराखड्याच्या पहिल्या ओळीत असे लिहावे : हा व्यवहार मजुराच्या हजेरीपासून सुरू होतो आणि त्याच्या खात्यात रक्कम पडल्यावर संपतो. बाकीची सारी कलमे या ओळीखाली यावीत. ती कोणती, ते क्रमाने सांगतो.

पहिले कलम, एकच क्रमांक. जुनी मनिऑर्डर आठवा. पाठवणाऱ्याला पावती मिळे, फॉर्मवर क्रमांक असे आणि पैसे घेणाऱ्याच्या सहीची पोच परत येई. येथेही व्यवहाराला जन्मतःच एक क्रमांक द्यावा आणि तो शेवटच्या दारापर्यंत कोणीही बदलू नये. एखाद्या कचेरीला स्वतःचा क्रमांक हवा असेल तर तिने तो शेजारी लिहावा, मूळचा खोडू नये. शंभर मजुरांची एक यादी पुढे जाऊन शंभर वेगळ्या रकमा होते, तेव्हा प्रत्येक रकमेवर यादीचा क्रमांकही हवा आणि तिचा स्वतःचाही. मोठ्या संगणक-कंपन्यांनाही हे शिकावे लागले. गूगलच्या अभियंत्यांनी 2010 साली 'डॅपर' नावाच्या आपल्या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली, तिचा गाभा हाच, की एका मागणीला एक ओळखक्रमांक आणि तो प्रत्येक संगणकाने पुढे न्यायचा.

दुसरे कलम, वेळ. प्रत्येक दारात आत येण्याची आणि बाहेर जाण्याची, अशा दोन वेळा लिहाव्यात. बल्लारशाहहून निघालेली गाडी प्रत्येक स्थानकावर कधी आली, कधी सुटली, याची नोंद होते, म्हणून ती कोठे रखडली हे सांगता येते. मात्र सर्वांची घड्याळे एक हवीत. एक संगणक भारतीय वेळ लिहितो आणि दुसरा जागतिक वेळ लिहितो, तर दोहोंत साडेपाच तासांचे अंतर पडते. मग वहीत असे दिसते, की पैसा निघण्याआधीच पोहोचला!

तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत अधिक विसरले जाते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी पलीकडे धाडलेल्या माणसाचा निरोप आला नाही, तर आपण काय समजतो? तो पोहोचला असेही म्हणत नाही आणि बुडाला असेही म्हणत नाही. 'अजून कळले नाही' एवढेच म्हणतो. यंत्रणेतही 'पोहोचले' आणि 'परत आले' या दोन खान्यांशेजारी 'उत्तर आले नाही' असा तिसरा खाना हवाच. तो नसला की उत्तराची वाट पाहणारी रक्कम कोणीतरी 'गेले' मध्ये ढकलतो, किंवा 'फसले' समजून पुन्हा पाठवतो.

त्यातूनच चौथे कलम येते. पुन्हा पाठवायचे झाले तर त्याच जुन्या क्रमांकाने पाठवावे. म्हणजे पलीकडच्या बँकेला कळेल, की हा क्रमांक आपण आधीच जमा केला आहे. नवा क्रमांक दिला तर एकाच माणसाला दोनदा पैसे जातील. पुढे वसुलीची पाळी आली की तो बिचारा गुन्हेगारासारखा वागवला जाईल.

पाचवे कलम, न घडलेल्या गोष्टीची घंटा. चूक झाली की संगणक ओरडतो, हे ठीक. पण आपल्या या गृहस्थांच्या बाबतीत कोणतीच चूक नोंदली गेली नव्हती. नुसती शांतता होती. म्हणून प्रत्येक दाराला मुदत ठरवून द्यावी आणि मुदतीत उत्तर आले नाही की घंटा वाजावी. घंटा फार मात्र वाजू नये. ताडोबाच्या कडेच्या गावात रोज उठून कोणी "वाघ आला" म्हणून ओरडू लागला, तर खरा वाघ येईल त्या दिवशी कोणी दार उघडणार नाही. कोणती घंटा कोणाकडे वाजायची आणि त्याने काय करायचे, हे नावानिशी ठरले नसेल, तर ती घंटा लावूच नये.

सहावे कलम, रोजचा ताळा. समजा, आज 100 रकमा निघाल्या. 91 जमा, 6 परत, 3 उत्तराविना, बेरीज 100. ताळा जमला. बेरीज 99 आली, तर एक रक्कम कोठेतरी वहीबाहेर पडली आहे, आणि ती त्याच दिवशी शोधायची. तेंदूच्या फळीवर संध्याकाळी पुडे मोजून कार्डावरचा आकडा जुळवतात, तो जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. तीच शिस्त येथे पाळायची.

सातवे कलम, कारण माणसाच्या भाषेत. रक्कम परत येते तेव्हा सोबत एखादा आकडी संकेत येतो. तो मजुराला कळत नाही आणि पुष्कळदा कारकुनालाही कळत नाही. त्याऐवजी तेथे लिहावे : "खाते बंद आहे, बँकेत जाऊन चालू करून घ्या", किंवा "शाखेचा कोड जुना आहे, दुरुस्ती तालुक्याच्या कचेरीने करायची, मजुराने नव्हे." हा कोड, ज्याला आयएफएससी म्हणतात, तो अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची, मग शून्य, मग शाखेची सहा. बँका एकमेकींत मिळाल्या की तो बदलू शकतो. 1 मे 2025 रोजी आपली विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. असे बदल होतात तेव्हा कोणत्या खात्यांना दुरुस्ती लागेल, हे रक्कम परत येण्याआधीच यंत्रणेने सांगायला हवे. आणि दुरुस्ती कोणी करायची हे लिहिले, की माणसाची एक खेप वाचते. एक खेप म्हणजे एक दिवसाची भाकर.

आठवे कलम, झाकलेले राहू द्यावे ते झाकलेलेच. नजर ठेवणाऱ्या वहीत पूर्ण खातेक्रमांक किंवा आधारचे बारा अंक उतरवून घेण्याची गरज नसते. शेवटचे चार अंक आणि व्यवहाराचा क्रमांक पुरतात. पहारेकऱ्यानेच घराच्या किल्ल्या गोळा करू नयेत. त्याचप्रमाणे वही लिहिणारा झोपला म्हणून गाडी थांबू नये. नजर ठेवणारी यंत्रणा बंद पडली तरी पैसा पुढे जात राहिला पाहिजे.

हे सारे एकदम करायला जाऊ नये. आधी एकच वाट घ्यावी, तिची दारे कागदावर काढावीत, जेथे निरोप अधिक हरवतात तेथे प्रथम नोंद सुरू करावी. आणि कागद पक्का करण्यापूर्वी तो गावात नेऊन मजुराला, रोजगार सेवकाला, बँकेच्या खिडकीवरच्या कारकुनाला दाखवावा. त्यांना न कळणारा पडदा कितीही रंगीत असला तरी निरुपयोगी.

अशी व्यवस्था अशक्य नाही. मोबाईलवरून पैसे पाठवताना आपल्याला संदर्भक्रमांक मिळतो. पाठवणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोहोचली नाही, तर ती ठराविक मुदतीत परत करावी आणि पुढच्या उशिराबद्दल दिवसाला 100 रुपये द्यावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये घालून दिला. शहरातल्या दुकानदाराच्या रकमेवर जेवढी नजर, तेवढीच एटापल्लीच्या मजुराच्या रकमेवर का असू नये?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेतही शिष्यवृत्तीचे पैसे याच रीतीने येतात आणि अडकतात. फळ्यावर मुलांकडून ती वाट काढून घ्या. अर्ज कोठून निघतो, किती दारे लागतात, प्रत्येक दारात कोण असते? एका वहीत रकाने आखा : क्रमांक, दार, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, उत्तर, कारण, पुढे कोणी काय करायचे. गणिताचा तास होईल, नागरिकशास्त्राचा होईल, आणि एखाद्या मुलाची रक्कमही सापडेल.

आमच्या त्या गृहस्थांचे पैसे शेवटी मिळाले. रक्कम बँकेपर्यंत जाऊन परत आली होती आणि परत आल्याची नोंद एका संगणकात कितीतरी दिवस पडून होती. ती पाहणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते. पैसे मिळाल्यावर ते मला सांगायला आले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, पैसा आला हे बरं झालं. पण कुठं आहे हे आधी कळलं असतं, तर चार रोज वाचले असते." व्यवहारावर नजर ठेवण्याची यंत्रणा आखणाऱ्याने हे वाक्य आपल्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावे.