रक्तातले शिसे कोण मोजणार?

नगर-पुणे रस्त्यावरचे सुपा आता एमआयडीसीचे गाव म्हणून ओळखले जाते. पारनेर हा दुष्काळी तालुका. जमिनीच्या तुकड्यावर भागत नाही म्हणून इथला तरुण कंपनीच्या गेटवर उभा राहतो. कंत्राटदार त्याचे वय बघतो, अंगातली ताकद बघतो. त्याच्या रक्तात शिसे किती, हे कोण बघतो?

शिसे हे गुपचूप मारणारे विष आहे. श्वासातून, अन्नातून ते रक्तात येते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर उतरते, पण बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. मोठ्या माणसांत ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंड आणि हृदय बिघडवते. गरोदर बाईच्या हाडांतले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. ज्याच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे शरीर शिसे अधिक शोषते. म्हणजे उपाशी माणसाला हे विष जास्त लागते!

जुन्या बॅटऱ्या फोडणे, प्लेटा वितळवणे, भंगार वेचणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको. पण धोका एवढ्यावर थांबत नाही. भिंतीचा जुना रंग, भेसळीची हळद, शिसे मिसळलेली कल्हई यांतूनही ते घरात येते. भट्टीवर कधी न गेलेल्या माणसाच्या रक्तातही ते असू शकते.

मग मोजमाप काय सांगते? १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातले शिसे तपासले गेले. पुढच्या पाहण्यांत मोठ्या माणसांचे हिमोग्लोबिन तपासले, साखर तपासली. शिसे मात्र नाही. युनिसेफने २०२० साली सांगितले की भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या शंभर मिलिलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असावे. हा अंदाज आहे, आणि तोही मुलांचा. त्यांच्या आईबापांचे काय?

कोणी म्हणेल, कामगारांचे तपासा, सगळ्यांचे कशाला? १९४८ च्या कारखाना कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत शिसेबाधेला पहिला क्रमांक दिला होता. पण कामगाराच्या रक्तात शिसे सापडले, तर मालक सहज म्हणेल, "ते गावात सगळ्यांच्याच रक्तात असते." त्याला उत्तर द्यायला गावाचा आकडा हवा. सर्वसामान्यांचे मोजमाप म्हणजे कामगाराच्या हातातला पुरावा आहे.

अमेरिकेने हे केले. १९७६ ते १९८० च्या पाहणीत तिथल्या लोकांच्या रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. पेट्रोलमधले शिसे काढल्याचा फायदा आकड्याने सिद्ध झाला. आपल्याकडेही १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पण आपल्या रक्तातले शिसे त्याने किती उतरले? सांगता येत नाही. देशभरातल्या प्रौढांचे आधी मोजले नव्हते, नंतरही मोजले नाही.

मोजणीचे राजकारण आपण जाणतो. जातनिहाय जनगणनेची मागणी आपण उगाच केली नाही. जे मोजले जात नाही, ते व्यवस्थेच्या लेखी नसतेच.

म्हणून मागणी साधी आहे. आरोग्य पाहणीत प्रौढांच्या शिसे तपासणीचा समावेश करा. सुप्यासारख्या औद्योगिक गावात कामगार, भंगारवाले, शेतमजूर बाया आणि दुकानदार अशा सगळ्यांचे नमुने घ्या. नमुना बोटाच्या टोचणीने घेतला तर हातावरच्या धुळीने आकडा फुगतो, म्हणून शिरेतून घ्या. आणि ज्याचे रक्त घ्याल, त्याला त्याचा आकडा त्याच्या भाषेत सांगा. रक्त आमचे आहे, तर आकडाही आमचाच!